साखर तर नॉर्मल आहे

वास नवऱ्याच्या तोंडातून येतोय हे कळलं, तेव्हा नखंवालीच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायला तिला आजही लाज वाटते. तिला वाटलं, यांनी दुसरी गाठली. आणि तीसुद्धा नखं करणारीच!

तिला तसं वाटायला कारण होतं. तो वास तिच्या धंद्याचा होता. कोपऱ्यावरच्या इमारतीत तळमजल्याला तिचं नखांचं दुकान. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रंगाच्या बाटल्यांची फळी आणि उजव्या हाताशी रिमूव्हरची मोठी बाटली. जुना रंग उतरवायचा तर कापसाच्या बोळ्यावर रिमूव्हर घ्यायचं, नखावर दाबून धरायचं आणि ओढायचं. दिवसभर हेच. त्याचा वास गोडसर, जास्त पिकलेल्या फळासारखा, पण नाकात झोंबणारा. नवीन बाई दारातच ठसकायची. नखंवालीला मात्र तो वास आता येतच नसे. आपल्या घराचा वास जसा आपल्याला येत नाही, तसं झालं होतं तिच्या नाकाचं.

नवऱ्याचं नाक मात्र शाबूत होतं. संध्याकाळी ती दारात पाऊल टाकते न टाकते तोच ते ओरडायचे, "आधी हात धू! आलं दुकान घरात!" ती हात धुवायची, लिंबू चोळायची, पुन्हा धुवायची. लग्न झाल्यापासूनचा हा रोजचा कार्यक्रम. त्यात राग नव्हता, प्रेमच होतं, पण ते प्रेम साबणाच्या वडीएवढं झिजून गुळगुळीत झालेलं.

ते बसचालक. आपण त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणू, कारण बसच्या खुर्चीत बसले की ते खरोखरच साहेब व्हायचे. डेपोत मात्र त्यांना सगळे 'गोदाम' म्हणत. पोट स्टिअरिंगला टेकायचं. कंडक्टर म्हणायचा, "गोदामसाहेब, हॉर्न तुम्ही हाताने वाजवता की पोटाने?" ड्रायव्हरसाहेब हसायचे, पण घरी आले की आरशासमोर श्वास आत ओढून उभे राहायचे. नखंवालीने ते दोन-चारदा पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

मग आली ती वार्षिक तपासणी. साखर एवढी वर गेली होती की डेपोच्या डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, "दोन महिन्यांनी पुन्हा तपासू, तेव्हाही असंच असलं तर गोळ्यांनी भागणार नाही. इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करावं लागेल. आणि इंजेक्शन सुरू झालं की आमच्या नियमात स्टिअरिंग बसत नाही. शेडमध्ये काम देऊ."

शेडमध्ये म्हणजे दुसऱ्यांच्या बस धुवायच्या, टायरची हवा बघायची, डबे उघडायच्या वेळेला डबा उघडायचा आणि भोंगा झाला की घरी यायचं. ड्रायव्हरसाहेब घरी आले आणि बूट न काढता पलंगावर बसले. म्हणाले, "अगं, मला बस चालवण्याखेरीज दुसरं काही येत नाही." एवढंच. पण ज्या माणसाच्या तोंडून वीस वर्षांत कधी 'मला येत नाही' ऐकलं नव्हतं, त्याने ते म्हटल्यावर नखंवालीने खाली बसून त्यांचे बूट स्वतः काढले.

घरच्या डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. देताना बजावलं, "खाण्यापिण्यात काही मोठा बदल करायचा असेल, उपासतापास, डाएटबिएट, तर आधी मला विचारायचं." ड्रायव्हरसाहेबांनी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

आणि त्याच आठवड्यात वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे ड्रायव्हरसाहेबांची थोरली बहीण. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे बोलणं अजूनही शिट्टी फुंकल्यासारखं. वर्षापूर्वी याच वन्सं आमच्या नखंवालीच्या घराचे जिने चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून कठड्याला धरायच्या. या वेळी धाडधाड चढून आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बघ! ओळख!" खरंच ओळखू येत नव्हत्या. अर्ध्या झाल्या होत्या. गुडघे दुखायचे थांबले, रक्तदाबाची गोळी निम्मी झाली, चेहऱ्यावर तेज. आणि हे सगळं कशाने, तर लोण्याने!

"भात बंद, ब्रेड बंद, बटाटा बंद, फळं बंद, साखरेचं नाव काढायचं नाही," वन्संनी बोटांवर मोजलं. "आणि लोणी, अंडी, चीज, मांस, क्रीम, हवं तेवढं! शरीराला साखर मिळाली नाही की ते चरबी जाळायला घेतं. साधा हिशोब आहे."

"ताई, लोणी?" ड्रायव्हरसाहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. "आयुष्यभर सगळे डॉक्टर लोणी सोड म्हणाले."

"सगळे डॉक्टर बारीक आहेत का?" वन्सं म्हणाल्या, आणि विषय संपला.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. साखर उतरणार, तीही लोणी खाऊन! दुसऱ्या दिवसापासून घरातला तांदळाचा डबा माळ्यावर गेला. सकाळी लोण्यात तळलेली अंडी, कॉफीत लोण्याचा गोळा, दुपारच्या डब्यात चीज आणि मांसाचे तुकडे. नखंवालीने एकदा विचारलं, "डॉक्टरांना सांगू या का?" तर म्हणाले, "सांगितलं तर नको म्हणतील. आकडा खाली आला की मग सांगू. आकडा बघून त्यांचीच बोलती बंद होईल." तिलाही ते पटलं. खोटं कशाला बोला, तिला ते मनापासून पटलं.

आणि आकडा खाली आला. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर ठेवायचा, की आकडा उमटायचा. रोज सकाळी दोघं त्या यंत्रावर वाकायची. तीनशेच्या घरातून दोनशे, मग दीडशे, मग त्याच्याही खाली. ड्रायव्हरसाहेबांचे शर्ट ढगळ झाले, पट्ट्याला नवी भोकं पडली. डेपोत कंडक्टरने जाहीर केलं, "गोदाम रिकामं झालं, भाड्याने देणे आहे!" नखंवाली तर दुकानात या डाएटची चालतीबोलती जाहिरात झाली. समोर हात टेकून बसलेल्या प्रत्येक बाईला लोण्याचं पुराण ऐकायला लागायचं. हात तिच्या ताब्यात, जाणार कुठे?

मधेच एकदा कंडक्टर ड्रायव्हरसाहेबांना म्हणाला, "साहेब, हल्ली तुमच्या जवळ आलं की वहिनींच्या दुकानात आल्यासारखं वाटतं."

ड्रायव्हरसाहेब घरी येऊन चिडले. "माझे शर्ट तुझ्या कपड्यांत टाकू नको. बसमध्ये लोक नाक मुरडतात."

नखंवालीला वाईट वाटलं. तिने त्यांचे शर्ट वेगळे भिजवले, स्वतः दुकानातून आल्या आल्या कपडे बदलायला लागली, साबण बदलला. दुसऱ्या कुठल्याही घरात बाई म्हणाली असती, अहो, हा कसला वास येतोय तुम्हाला? या घरात मात्र वास कसला हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाचा हेही माहीत होतं. इथे वासाची चौकशी करायची गरजच नव्हती. वीस वर्षं झाली, वासाला मालकीण होती.

ड्रायव्हरसाहेब थकायला लागले होते, पण वजन उतरल्यावर माणूस थकणारच. पाणी खूप प्यायचे. तर वन्संनीच सांगितलं होतं, पाणी भरपूर प्या. प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं.

मग दुकानाच्या वरच्या मजल्यावर पाण्याचा पाइप फुटला. नखंवालीच्या दुकानाचं छत गळलं, फरशी उखडली, आणि मालकाने दुरुस्तीसाठी टाळं लावलं. ती घरी बसली. पहिले दोन दिवस करमेना. मग हळूहळू तिचं नाक जागं व्हायला लागलं. कॉफीचा वास यायला लागला. धुतलेल्या चादरीचा यायला लागला. जिन्यात शेजारीण कांदा परततेय हे तिला दार न उघडता कळलं, तेव्हा ती एकटीच हसली. आपल्याला नाक आहे हे ती विसरूनच गेली होती.

आणि एका सकाळी तिला रिमूव्हरचा वास आला.

तिने हात हुंगले. साबणाचा वास. पदर हुंगला. काही नाही. तिला वाटलं, घरात आणून ठेवलेली बाटली कुठेतरी गळतेय. कपाट उपसलं, पिशव्या उलट्या केल्या, पलंगाखाली वाकून बघितलं, बाथरूमचं फडताळ पुसून काढलं. काखेत कळसा नि गावाला वळसा! ड्रायव्हरसाहेब खुर्चीत बसून होते, ड्युटीला जायच्या आधी जरा डोळा लागला होता. तोंड उघडं. ती त्यांच्या पायाजवळची पिशवी उचलायला वाकली आणि वास तिच्या तोंडावर आला. थेट त्यांच्या श्वासातून. उष्ण.

ती तशीच वाकलेली राहिली.

मग डोक्यात जे आलं ते वर सांगितलंच आहे. दुसरं दुकान, दुसरी बाई, बारीक झालेला नवरा, नवे शर्ट. सगळं पटापट जुळलं. तिने त्यांचा खांदा गदागदा हलवला.

"कुठे गेला होतात?"

"आं?"

"कुणाकडे जाता? कोण आहे ती? कुठल्या गल्लीत दुकान आहे तिचं?"

ड्रायव्हरसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. अशा आरोपावर हा माणूस एरवी छप्पर उडेल एवढा हसला असता, किंवा छप्पर उडेल एवढा ओरडला असता. ते दोन्हीतलं काही करेनात. म्हणाले, "पाणी दे."

तेव्हा तिला त्यांचा श्वास ऐकू आला. खोल आणि भराभर, चार मजले धावत चढून आल्यासारखा. आणि ते तर खुर्चीत बसलेले होते. नखंवालीचा राग जागच्या जागी विरला आणि त्या जागी थंडगार भीती येऊन बसली.

"अहो, तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही. पोटात मळमळतंय." त्यांनीच यंत्र ओढलं, बोट टोचलं, आकडा तिच्यापुढे धरला. एकशे चोवीस. "बघ. साखर तर नॉर्मल आहे. उद्या तपासणी आहे, आज सुट्टी टाकली तर डॉक्टर म्हणतील घाबरला. बटणं लाव जरा."

तिने त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. तिसरं बटण पहिल्या काजात होतं. वीस वर्षांत या माणसाच्या गणवेशाचं एक बटण कधी चुकलं नव्हतं. तिने वन्संना फोन लावला.

"अगं, वास ना? फळासारखा? माझ्याही तोंडाला यायचा सुरुवातीला!" वन्संचा आवाज आनंदाने भरून आला. "चरबी जळतेय त्याची, घाबरतेस काय? लक्षण चांगलं आहे. मीठ घालून पाणी दे आणि झोपू दे."

नखंवालीचा जीव भांड्यात पडला. पडला, आणि पुरता पडायच्या आत ड्रायव्हरसाहेब उठून बाथरूमकडे धावले. उलटीत नुसतं पाणी. ते भिंतीला धरून उभे राहिले आणि तो श्वास, तो भराभर श्वास काही केल्या थांबेना. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील? वन्सं जिने धाडधाड चढत होत्या, आणि यांना बाथरूमपासून खुर्ची गाठवत नव्हती.

"ड्युटीची वेळ झाली," ते म्हणाले आणि चप्पल घालायला लागले. बुटांऐवजी चप्पल.

"तुम्ही कुठेही जाणार नाही."

"अगं, तपासणी..."

"गेली खड्ड्यात तपासणी!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारीण दारात आली. आली ते बरंच झालं. दोघींनी धरून त्यांना जिन्यावरून उतरवलं आणि टॅक्सीत घातलं.

टॅक्सीत त्यांनी तिचा हात घट्ट धरला. तिला वाटलं, घाबरलेत. पण ते हळूच म्हणाले, "डाएटचं बोलू नको हं. नोंद झाली तर डेपोत कळेल. पोट बिघडलंय एवढंच सांग."

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. नर्सने साखर बघितली. पुन्हा तोच देखणा आकडा. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. मग जरा थांबल्या, हवेत नाक फिरवलं. "कसला वास येतोय?"

"हिचं नखांचं दुकान आहे," ड्रायव्हरसाहेब पडल्या पडल्या म्हणाले. एवढ्या अवस्थेतही हे उत्तर त्यांच्या तोंडून पटकन निघालं, वीस वर्षांच्या सवयीने. "ती आली की दुकान येतं."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि मान हलवली. "जेवणखाण काय? काही बदल?"

"नेहमीचं. घरचं."

पांघरुणाखाली त्यांनी नखंवालीचं मनगट दाबलं. तिला अर्थ कळला. ती काही मूर्ख नव्हती. बोलली, तर उद्याची तपासणी गेली, इंजेक्शन आलं आणि स्टिअरिंग गेलं. 'मला दुसरं काही येत नाही' म्हणणारा माणूस शेडमध्ये पाण्याचा पाइप धरून उभा राहणार आणि ते तिने केलेलं असणार. तो तिला ते कधी बोलून दाखवणार नाही, पण रोज रात्री ताटावर बसल्यावर ते दोघांच्या मधे असणार. गप्प बसली, तर पोटाचं एखादं औषध घेऊन घरी जाता येत होतं. डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर चालायलाही लागलं होतं.

नखंवालीने मनगट सोडवून घेतलं आणि दोन्ही हात डॉक्टरीणबाईंच्या नाकापुढे धरले.

"वास घ्या."

"अहो, हे काय..."

"घ्या तर खरं! दुकानाला टाळं आहे आठवडाभर. माझ्या हाताला साबणाशिवाय कशाचाही वास नाही. तो वास यांच्या तोंडाला आहे. आणि नेहमीचं खाणं नाही हो डॉक्टर, खोटं बोलतायत हे. कित्येक आठवडे भाताचं शीत नाही घरात, ब्रेडचा कण नाही. लोणी, अंडी, मांस. आणि ती नवी गोळी चालू आहे, लघवीतून साखर काढणारी."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्या रुग्णाच्या तोंडाशी वाकल्या. सरळ उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा चेहरा पार बदललेला होता.

मग जे सुरू झालं ते नखंवालीला नीटसं कळलंच नाही. कुणीतरी मनगटाच्या नाडीतून रक्त घेऊन पळत गेलं. पडदा ओढला गेला. दोन नर्सेस, तीन, आणखी एक डॉक्टर. पलंगाची चाकं सुटली आणि पलंग चालायला लागला. ती पलंगासोबत धावत होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "पण साखर तर नॉर्मल आहे ना? साखर तर नॉर्मल आहे!"

"तोच तर घोटाळा आहे," डॉक्टरीणबाई चालता चालता म्हणाल्या. "रक्तात आम्ल साचलंय. खूप. तोंडाचा तो वास त्याचाच. एरवी असं होतं तेव्हा साखर आभाळाला भिडलेली असते, म्हणून सगळ्यांना कळतं. यांची साखर ती गोळी बाहेर टाकत होती. आकडा छान, आणि माणूस आतून विरजत चाललेला."

दार लागलं. नखंवाली बाहेर उभी राहिली. बाकावर बसावंसं वाटेना. रोज सकाळी आपण दोघं त्या यंत्रावर वाकून हसत होतो, हे तिला दिसत होतं. हसत होतो!

दुपारी तिला आत घेतलं. त्यांच्या एका हाताला दोन नळ्या होत्या. तिने विचारलं, हे काय, हे काय? नर्सने सांगितलं, एकातून साखरेचं पाणी, एकातून इन्सुलिन. नखंवाली बघतच राहिली. ज्या साखरेला घराबाहेर काढलं होतं ती, आणि ज्या इंजेक्शनच्या भीतीने काढलं होतं ते, दोन्ही शेजारी शेजारी लटकत होते, आणि त्या दोघांवर तिचा नवरा जगत होता.

संध्याकाळी वन्सं आल्या. त्या आल्या त्याच रडत. कवायतीच्या बाईंना रडताना नखंवालीने प्रथमच पाहिलं. "मला काही झालं नाही गं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मला तर सगळं चांगलंच झालं. म्हणून मला वाटलं..." मग डॉक्टरीणबाई दिसताच त्यांचा हात धरून विचारलं, "डॉक्टर, मी विष खातेय का?"

"नाही हो. तुम्हाला मधुमेह नाही, ती गोळी नाही. तुमचं वजन उतरलं, गुडघे सुटले, चांगलंच आहे. तरी वर्षातून दोनदा कोलेस्टेरॉल बघा, एवढं लोणी सगळ्यांच्या रक्ताला मानवत नाही. दहा वर्षांनी काय होतं हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. यांना मात्र त्या गोळीबरोबर असं खाणं म्हणजे..." त्या थांबल्या. "गोळी देणाऱ्या डॉक्टरांना एक शब्द विचारला असता, तर त्यांनी गोळी तरी बंद केली असती."

एक शब्द. वन्संनी नखंवालीकडे पाहिलं नाही आणि नखंवालीने वन्संकडे. आरोप करायला दोघींकडे भरपूर सामान होतं, पण उचलायचं बळ कुणालाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्वास संथ झाला. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरसाहेब उशीला टेकून बसले, चमच्याने भात खाल्ला, आणि चव कळतेय म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी येऊन सांगितलं, ती गोळी आता कायमची बंद, काही महिने तरी इंजेक्शन घ्यावं लागेल, पुढचं पुढे बघू. त्यांनी ऐकून घेतलं. त्या गेल्या. नखंवालीने ताट आवरलं, पाण्याचा ग्लास इकडचा तिकडे ठेवला, पुन्हा इकडे ठेवला. बोलणं यायचंच होतं. येऊ दे एकदाचं, असं तिला झालं होतं.

"तू सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं."

"मी नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. तरी सांगितलं. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. शेडमध्ये काम करा, नाहीतर घरी बसा, मला काय बोलायचं ते बोला. मला नवरा हवा आहे, मला बस नकोय!" शेवटी तिचा आवाज फुटला आणि तिने तोंडाला पदर लावला.

ते रागावले नाहीत. त्यांनी तिला जवळ बसायची खूण केली. ती बसली. त्यांचा चेहरा बघून तिला वाटलं, पुन्हा मळमळतंय. पण ते नव्हतं.

"ऐक. कंडक्टरला सांग, डेपोच्या डॉक्टरांना इकडे पाठव. मी सगळं सांगणार आहे त्यांना. त्यांनी आणलेल्या शेडच्या कागदावर सही करणार आहे."

"एवढी काय घाई आहे? बरे तर व्हा आधी."

"घाई आहे." त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, स्टिअरिंग धरल्यासारखे, आणि त्या हातांकडे बघत राहिले. "इथे आणायच्या आदल्या दिवशी मी संध्याकाळची फेरी केली ना... नदीवरच्या पुलावर चढलो ते आठवतंय. मग डेपोत बस उभी आहे आणि कंडक्टर दार उघडतोय, हे आठवतंय. मधलं काहीच आठवत नाही. पडल्या पडल्या आठवून बघतोय. सिग्नल नाही, शाळेसमोरचं वळण नाही, काही नाही. पुलावरून डेपोत ती बस कुणी आणली, मला माहीत नाही."

नखंवालीच्या हातातला पदर हातातच राहिला. तिने विचारलं, "बसमध्ये माणसं होती?"

"उभ्यानेसुद्धा होती," ते म्हणाले.